हर्रासाबाहेरचं झाड

दत्तानं मला फसवलं. माझा एक रुपयाही त्यानं बुडवला नाही, हे आधीच लिहिते, कारण ऐकणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा तेच विचारतो. त्यानं माझी दुपार घेतली. सीताफळाच्या हंगामात रोज बारा ते एक मी ज्या जांभळाखाली आडवी होत असे, ते जांभूळ त्यानं तारेच्या कुंपणात घातलं आणि माझ्या विश्रांतीला तिकीट लावलं.

आता पुन्हा हंगाम आला आहे. दसरा जवळ आला की आमच्या डोंगराचा हिरवा रंग उतरायला लागतो. गवत कमरेपर्यंत वाढून पिवळं पडतं. सकाळी चालताना साडीचा काठ दवानं भिजतो आणि दहा वाजता तोच काठ वाळून कुसळांनी भरतो. सीताफळाचे डोळे उघडतात ते याच दिवसांत. फळावरच्या खवल्यांमध्ये ज्या फटी असतात त्यांना आम्ही डोळे म्हणतो. त्या रुंद होऊन फिकट पिवळ्या दिसल्या की फळ तोडायला आलं. डोळे मिटलेले असताना तोडलेलं फळ कितीही गवतात पुरून ठेवा, पिकत नाही; काळं पडतं आणि दगड होतं.

या धंद्यात उद्या नावाचा दिवस नसतो. तोडलेलं फळ दोन दिवस दम धरतं, तिसऱ्या दिवशी टोपलीच्या तळाशी फुटून बसतं. अवेळी पाऊस पडून वर ऊन आलं की अख्खा डोंगर एकदम पिकतो, नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर, गुडीहत्नूरजवळ, सगळ्यांच्याच टोपल्या भरतात आणि भाव बसतो. नागपूरचा व्यापारी सकाळी गाडी पाठवतो म्हणतो आणि दुपारी फोन उचलत नाही. हैदराबादचा उचलतो, पण तेलुगूत गोड बोलून सांगितल्याच्या अर्धाच माल मागतो. मधेच रस्त्यावर मोटार थांबते, काच चार बोटं खाली येते, आतली गार हवा तोंडावर येते आणि हिंदीत प्रश्न येतो, कैसे दिया. त्या चार बोटांच्या फटीतून मी माणूस ओळखते. मागच्या सीटवर पोरं कुरकुरत असली तर मी भाव सोडत नाही. बाई स्वतः उतरून फळं दाबायला लागली तर मी टोपली मागं ओढते आणि तिच्याकडं पाठ करते. बाई हमखास घेते. माझा नवरा गेला तेव्हा माझ्याजवळ दोन टोपल्या होत्या आणि एक तोंड होतं. टोपल्या कधीच मोडल्या. तोंडावर मी घर बांधलं, मुलीला आदिलाबादला ठेवून शिकवलं आणि आज तीस माणसं माझ्या तोडणीला डोंगर चढतात.

पण दिवसभर असं बोलून-भांडून माणूस आतून खरवडला जातो. दुपारी बाराच्या सुमाराला, समोर एकही गाडी नसताना, माझ्या कानात ट्रकचे ब्रेक वाजत असायचे. बोटं फळांच्या चिकानं काळी, घसा बसलेला, डोक्यात आकड्यांचा गलका. तेव्हा मी काहीएक न बोलता उठायचे आणि ओढ्याकडं चालायला लागायचे. पंधरा मिनिटांची वाट. अर्ध्या वाटेवर रस्त्याचा आवाज मागं राहायचा. पहिल्यांदा हॉर्न जायचे, मग इंजिनं, शेवटी ती टायरांची घरघर.

ओढ्याकाठी ते जांभूळ. बाकीच्या झाडांची सावली विरविरीत असते, जांभळाची दाट, काळी आणि थंड. तिथं पोचले की मी फोन टोपलीत टाकून वर सीताफळाची पानं रचायची. वाजला तरी पानांखाली एखादा किडा गुणगुणावा तेवढाच वाजायचा. चपला काढून पाय पाण्यात सोडायचे. बारीक मासळ्या टाचेच्या भेगांना लुचायला यायच्या. मग एक फळ, एकच, सावकाश. बिया तोंडात घोळवून स्वच्छ करायच्या, दगडावर ठेवायच्या आणि मोजायच्या. दिवसभर मी दुसरंच काही मोजत असायचे. बिया मोजताना ते डोक्यातून निघून जायचं. कधी सदतीस भरायच्या, कधी पन्नासच्या वर. त्या आकड्याचं पुढं काही करायचं नसायचं, हीच त्यातली मजा. फळ संपलं की डोंगराकडं तोंड करून आडवं व्हायचं. कुठंतरी होला घुमत असायचा. अर्धा तास झोप. उठले की गालावर पानाच्या शिरा उमटलेल्या असायच्या आणि मी पुन्हा भांडायला नवी झालेली असायचे.

ते झाड कुणाचंच नव्हतं, आणि तसं ते कुणाचं नसावं अशी गावानं व्यवस्था केलेली होती. आमच्या गायरानातल्या फळझाडांचा दर तीन वर्षांनी चावडीसमोर हर्रास होतो. हर्रास म्हणजे लिलाव. निजामाच्या वेळचा शब्द, राज्यं बदलली तरी आमच्या तोंडातून तो गेला नाही. सीताफळाची बोली लागते, चिंचेची लागते, आवळ्याची लागते. ओढ्याकाठच्या जांभळाची लागत नाही. ते थकलेल्या माणसासाठी ठेवलेलं आहे, आणि त्याची रीत अशी की हर्रासाच्या दिवशी त्याचं नावच घ्यायचं नाही. नाव निघालं की कुणीतरी बोली लावणार, बोली लागली की झाड मालकाचं झालं. म्हणून यादी वाचता वाचता ओढ्यापाशी आली की सगळे गप्प बसतात. कुणी खाकरतं, कुणी तंबाखू मळतं, पंचायतीचा सेक्रेटरी पान उलटतो आणि यादी चिंचेवर जाते. ही रीत मला भीमबाईनं सांगितली. भीमबाई आमच्या शेजारच्या गोंड गुड्यावरची, म्हणजे पाड्यावरची, माझ्याहून वयानं मोठी, माझ्या तोडणीवर पहिल्या दिवसापासून आहे. डोंगरावरचं पहिलं फळ तिच्या हातून तुटल्याशिवाय मी कुणाला हात लावू देत नाही.

आणि दत्ता आमच्याच गावचा. तो माझ्याकडं आला तेव्हा त्याच्याजवळ एक जुना टेम्पो होता आणि त्याला गिऱ्हाईक नव्हतं. माल भरायचा कसा, पानं कुठं घालायची, व्यापाऱ्याला किती वेळ ताटकळत ठेवायचं, हे सगळं मी त्याला शिकवलं. मी त्याला राखी बांधत होते. दुपारी माझा डबा ओढ्यावर तोच आणून द्यायचा. एकदा डबा ठेवून तो तिथंच उकिडवा बसला आणि म्हणाला, "अक्का, इथं येऊन तुमी करता तरी काय? झोपाचं त घरी बी झोपता येते."

मी भाव करताना शेवटचा आकडा कधी सांगत नाही. त्या दिवशी मात्र सगळं सांगितलं. पानांखालचा फोन, पाण्यातले पाय, बिया, डोंगराकडं तोंड. त्यानं नीट ऐकून घेतलं. मला वाटलं, भाऊ आहे, कधी दमला तर त्याला उपयोगी पडेल.

मागच्या हर्रासात बोली मी बोलले आणि नाव दोघांचं लागलं. वर्ष झालं आणि दत्ताला वेगळं व्हायचं होतं. मी अडवलं नाही. गावातली चार मोठी माणसं बसली आणि मी सकाळपासून जेवणवेळेपर्यंत वाटणी केली. म्हणजे मी बोलत होते आणि तो मान हलवत होता. सीताफळाचं एकेक झाड मी माझ्याकडं ओढलं, कातळावरची वाकडी झुडपंसुद्धा सोडली नाहीत. चिंचा, आवळे, गवत, त्याच्या शेताला लागून असलेली ओढ्याकाठची पडीक, यातल्या कशात मला रस नव्हता. शेवटी मी पदर झटकून उठले आणि म्हणाले, "उरलेलं सगळं तुझं. जाय घेऊन."

"तुमी म्हणान तसं, अक्का," दत्ता म्हणाला.

त्याचा पडलेला चेहरा बघून मला वाटलं, हरला. घरी येऊन मी मुलीला सांगितलं की दत्ताला आज सोलून काढला.

त्या बैठकीत जांभळाचं नाव मी घेतलं नाही. घ्यायचंच नसतं, हे माझ्या हाडात बसलेलं. समोर परगावचा व्यापारी असता तर मी बारा अटी घातल्या असत्या, आणि प्रत्येक अट त्याच्याकडून तीनदा वदवून घेतली असती. पण दत्ता त्याच चावडीसमोर लहानाचा मोठा झालेला. यादी ओढ्यापाशी आली की गप्प बसायचं, हे त्यालाही माहीत. ज्याला माहीत आहे त्याच्याशी ते बोलायचं, म्हणजे झाडाची आणि त्याची दोघांचीही किंमत करण्यासारखं मला वाटलं. परक्याला मी फसले नसते. इथल्याच माणसाला फसले.

पुढच्या हंगामात, म्हणजे गेल्या वर्षी, पहिल्याच दुपारी मी ओढ्यावर गेले तर तार आडवी आली. आत हिरव्या कापडाचे चार तंबू, जांभळाच्या फांदीला दोरीचा झोळा, आणि एक पाटी: शांत व्हा, रिचार्ज व्हा, प्रवेश फक्त बुकिंग केलेल्यांना. दत्ता पांढरा शर्ट घालून आत उभा होता. मी विचारलं, हे काय.

"लोकायले शांतता पायजे, अक्का. शहरातले लोक लय थकून राह्यले."

"अन् मी?"

"तुमी कवाही या. तुमच्याकून म्या पैसे घेईन काय?"

"ते झाड कोणी देलं तुले?"

"तुमीच देलं. उरलेलं सगळं म्हणल्या होत्या. चार जण हाजिर होते."

हाजिर हा शब्द तो कचेरीत उभा असल्यासारखा बोलला. माझ्या हातात फांद्या ओढायची आकडी होती, ती मी तारेवर हाणली. तार नुसती झणझणली. त्यानं मला फुकट आत बोलावलं, याचा मला जास्त राग आला. ज्या जागी मी कधी कुणाची परवानगी घेतली नव्हती, तिथं तो मला पाहुणी करत होता. त्या चार माणसांच्या दारात मी गेले. एकानं सांगितलं, बाई, बोलणं त तसंच झालं होतं. दुसऱ्यानं विचारलं, रीत कुठं कागदावर असते काय. तिसऱ्याची सून म्हणाली, ते शेतात गेले, आणि आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. चौथ्यानं मला चहा दिला आणि दत्ताच्या तंबूत आपला पुतण्या कामाला लागल्याचं सांगितलं.

त्याच हंगामात एक पांढरी मोटार थांबली. हैदराबादची बाई, चाळिशीची, उतरली आणि मी सांगितला तो भाव काही न बोलता देऊ लागली. असं गिऱ्हाईक आलं की मला काळजी वाटते. तिचे डोळे सुजलेले पण चेहरा निवलेला होता. ती आपण होऊन सांगत सुटली. खाली ओढ्याकाठी दोन दिवस राहून आली होती. तिथं फोन टोपलीत ठेवून वर पानं घालायला लावतात. पाय पाण्यात सोडायला सांगतात. मग प्रत्येकाला एक सीताफळ देतात आणि बिया मोजायला लावतात. तिच्या त्रेचाळीस भरल्या, आणि त्रेचाळिसाव्या बीला तिला रडू फुटलं, आणि मग महिन्यात पहिल्यांदा ती गाढ झोपली. मी विचारलं, हे कुणी शिकवलं. ती म्हणाली, "दत्ताभैया के पुरखों का तरीका है."

माझं वय अठ्ठेचाळीस. मी दत्ताची पूर्वज झाले.

गाडीत बसताना ती बाई म्हणाली की तुम्ही लोक नशीबवान, इथं तर शांतीच शांती. तेव्हा माझे दोन्ही फोन वाजत होते, मागं हमाल भांडत होते आणि एक ट्रक उलटा घेताना माझ्या तीन टोपल्या चिरडत होता.

त्यानंतर मी जे केलं ते लिहिते, लपवत नाही. दत्ता पाहुण्यांसाठी लागणारी फळं दुसऱ्याच्या नावावर माझ्याच तोडणीवाल्यांकडून उचलत होता. मी त्यांना सांगितलं, द्या, चांगली मोठी द्या. आणि मी स्वतः डोंगरावर जाऊन मिटल्या डोळ्यांची फळं तोडली. आठ क्रेट. दिसायला हिरवीगार, भरलेली, फोटो काढावा अशी. चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"अक्का, फळ पिकून नाही राह्यलं."

"डोळे मिटून घेतलं असशीन," मी म्हणाले.

त्याचे पाहुणे खडूसारखा गर चावत बिया शोधत बसले असतील, या विचारानं मी दिवसभर हसत होते. खाली जायचा रस्ता विचारणाऱ्या गाड्यांना मी सांगत होते की ओढ्यात साप आहेत. हे खोटं नाही. कुठल्याही ओढ्यात असतात. चार गाड्या माझ्या डोळ्यांसमोर परत फिरल्या. मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

भीमबाईला मात्र ते क्रेट सहन झाले नाहीत. मिटल्या डोळ्यांचं फळ तोडणं तिच्या लेखी पाप. झाडानं तुझं काय केलं, असं विचारून ती माझ्यावर तापली. मी दत्ताचं नाव घेतलं, वाटणीची बैठक सांगितली, रीत सांगितली. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "गप बसाचं हर्रासात. वाटणीत गप बस म्हणून तुले कोणी सांगतलं होतं? भाव करताना तुझं तोंड मिटत नाही, अन् झाडाच्या टायमाले मिटलं."

 

आता माझा रक्तदाब वाढला आहे. आदिलाबादच्या डॉक्टरनं हंगामात दुपारी तासभर पडून राहा म्हणून सांगितलं. मुलीनं माझ्या फोनमध्ये एक बाई भरून दिली आहे, ती श्वास घ्या, श्वास सोडा म्हणते. तिसऱ्या श्वासाला नागपूरचा फोन येतो. मी देवळाच्या ओट्यावर पडून पाहिलं, तर येणारा-जाणारा भाव विचारतो. टेम्पोच्या सावलीत पडले, तर सावली सरकते. घरी पंख्याखाली पडले, तर पंख्याकडं बघत मी उद्याचा माल लावते. गावातले एक गुरुजी मला समजावतात की शांती बाहेर नसते, ती आपल्या आत असते. आत असती तर भर उन्हात मी ओढ्यापर्यंत कशाला चालत गेले असते?

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. गोंगाट मला नवा नाही. जांभळाखालीही ओढा वाजायचा, पाखरं ओरडायची. तिथं माझ्याजवळ विकायला काही नसायचं, एवढाच फरक. माझ्याकडं कुणी काही मागायचं नाही आणि मी कुणाला काही सांगायचे नाही. जिथं तोंडावर जगणाऱ्या बाईला तोंड उघडावं लागत नाही, अशी जगात तेवढी एक जागा होती. तिच्या जोरावर मी उरलेले तेवीस तास काढत होते. आणि आता? आता बारा ते एक मी दत्ताचा विचार करते. त्याचा पांढरा शर्ट, त्याची खाली घातलेली मान, त्याचं ते तुमी म्हणान तसं. झाड गेलं ते गेलं, तो तासही त्याच्याच ताब्यात गेला. सूड घेताना गंमत येते, पण झोप येत नाही, हे मी अनुभवानं सांगते. तरी मी सोडणार नाही.

यंदा त्या हर्रासाची तीन वर्षं संपतात. दिवाळीनंतर चावडीसमोर नवा हर्रास आहे. मी ठरवलं आहे की यादी ओढ्यापाशी येऊन थांबली की मी उभी राहणार आणि जांभळाचं नाव मोठ्यानं घेणार. गावात कुणी आजवर ते केलेलं नाही. भीमबाई म्हणते, नाव घेतलंस की बोली लागेल आणि दत्ताकडं आता पैसा आहे. लागू दे. बोली लावायची त्यानं लावावी, सगळ्यांच्या देखत, तोंडानं. मी लावणार नाही. जे माझं नव्हतं ते मी विकत घेणार नाही.

आणि हाच माझा प्रश्न आहे, दत्ता. मी उरलेलं सगळं तुझं म्हणाले, कबूल. वाटणीत मी गप्प राहिले, ती माझी चूक, तीही कबूल. पण उरलेल्यात ते झाड धरायला ते आधी माझं असावं लागतं. ते माझं कधीच नव्हतं, हे तुला माहीत होतं. माझा डबा घेऊन तू तिथं येत होतास, त्याच सावलीत बसत होतास. मग जे मला देता येत नव्हतं ते तू माझ्याकडून घेतलंस कसं? त्या चार जणांनीही उभं राहावं. तुम्ही हाजिर होतात ना, मग सांगा, थकलेल्या माणसाचं झाड कुणी कुणाला दिलं, आणि तुम्ही कुठल्या हक्कानं ऐकत बसलात? पुतण्याला मध्ये घालू नका, शेतात गेले म्हणून सांगू नका. चावडीसमोर, दिवसाउजेडी, माझ्या तोंडावर उत्तर द्या. ते मिळेपर्यंत मी यादी पुढं जाऊ देणार नाही.